नळ उघडे ठेवायचं काम

गाडी परत देताना मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारते. "हिवाळ्यात घरी कोण येणार आहे?" जर्मन माणूस या प्रश्नाने जरा मागे सरकतो, कारण असलं इथे कोणी कोणाला विचारत नाही. आपली मराठी मंडळी मात्र खुशीत येतात. सासूबाई येणार आहेत, नाताळात बहीण येणार आहे, सगळं सांगतात आणि त्यांना वाटतं, काकूंना गप्पा मारायच्या आहेत. मला गप्पा मारायच्या नसतात. हा प्रश्न माझ्या कामाचा भाग आहे, आणि तो कसा झाला तेच सांगायला बसले आहे. अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, लोकांना गंमत वाटेल. वाटेलही. मला स्वतःला मात्र त्यातलं अजून धड उमगलेलं नाही.

आधी काम काय ते सांगते. जर्मन लोकांना चाकांवरचं घर भारी आवडतं. त्याला इथे वोनमोबिल म्हणतात. बसपेक्षा लहान, टेम्पोपेक्षा मोठी अशी गाडी आणि तिच्यात पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, संडास, सगळं. उन्हाळाभर ती घेऊन इटलीला नाहीतर समुद्राकडे जायचं आणि थंडीच्या तोंडावर घरासमोर आणून उभी करायची. झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात आणि आसपासच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत असलेली आपली मंडळीही हल्ली सर्रास घेतात. सृष्टिसौंदर्य वगैरे ते सांगतात खरे, पण गाडीत कुकर लावता येतो हे त्यामागचं खरं कारण.

या गाडीच्या पोटात पाण्याची टाकी असते, छोटा पंप असतो, गरम पाण्याचा बॉयलर असतो आणि फळ्यांच्या मागून फिरणाऱ्या बोटाएवढ्या जाड नळ्या असतात. घरात हीटर चालतो, बाहेर उभ्या गाडीत कोण चालवणार? कडाक्याची थंडी पडली की आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फ फुगतो. मग नळी, पंप, नळाची मान, बॉयलर, यांतलं जे कमजोर असेल ते फुटतं. तेव्हा मालकाला काही कळत नाही, कारण बर्फ गळत नाही. ऊन पडलं, बर्फ वितळला की मग जमीन ओली होते आणि आमच्या वर्कशॉपचा फोन वाजायला लागतो.

म्हणून थंडी यायच्या आत गाडीतला पाण्याचा थेंब न् थेंब काढून टाकायचा. टाकीच्या तळाचा वाल्व उघडायचा, बॉयलरचा वाल्व उघडायचा. दोन्हींच्या तोट्या गाडीच्या पोटाखाली निघतात आणि पाणी जमिनीवर पडतं. मग सगळे नळ उघडायचे आणि त्यांची दांडी गरम आणि गार यांच्या बरोबर मध्ये ठेवायची, म्हणजे दोन्ही नळ्या मोकळ्या होतात. शॉवरची तोटी खाली सोडायची, पंप क्षणभर कोरडा चालवायचा, उरलंसुरलं हवेने फुंकून काढायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाल्व आणि नळ तसेच उघडे ठेवून दार लावून घ्यायचं. बंद नळात थेंब अडकतो. उघड्या नळात तो अडकला तरी त्याला फुगायला जागा राहते. थंडीच्या तोंडावर मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच करते.

आता हे काम करणारी मी मनमाडची. मनमाडच्या माणसाला पाण्याबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. आमच्या लहानपणी नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. आलं की शाळा, स्वयंपाक, आजारपण, सगळं बाजूला ठेवून भरायचं. हंडे, कळश्या, पिंप, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा. घरात भांडं रिकामं दिसलं की आई कासावीस व्हायची. गावाला जायचं असलं तरी निघण्याआधी पाणी भरून, झाकून ठेवायची. परत आल्यावर दारात पाय धुवायला पाणी नाही असं घर तिच्या लेखी घरच नव्हतं. त्या आईची मुलगी मी, नाशकात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न करून ह्यांच्यामागे जर्मनीत आले आणि पोटापाण्यासाठी काम कोणतं मिळालं, तर चांगलं पाणी ओतून देण्याचं. पहिल्या हिवाळ्यात तर मी तोटीखाली बादली लावायची आणि ते पाणी कुंड्यांना घालायची. आमचा मालक यॉर्ग बरेच दिवस नुसता बघत राहिला. मग एकदा म्हणाला, थंडीत झाडांना इतकं पाणी घातलं तर ती मरतील. कुंड्या वाचल्या, पण माझा जीव आजही थोडा वरखाली होतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक निवृत्त मास्तर होते. आमच्याकडे यायला नको म्हणून त्यांनी मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालायचं विषारी द्रव्य पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ओतलं. गोठलं नाही खरं, पण ती टाकी धुता धुता आमचा वसंत ऋतू संपला. कोलोनहून एक पुणेरी गृहस्थ व्हिडिओ कॉलवर विचारून विचारून स्वतः सगळं करतात. दरवर्षी तेच प्रश्न आणि दरवर्षी शेवटी मलाच सांगतात, "काकू, तुमची पद्धत बरोबर आहे." जणू मी परीक्षेला बसले होते.

आणि मग आपल्या लोकांचा जेट स्प्रे. तो गिऱ्हाईक तोंडाने कधीच सांगत नाही. संडासात पाणी वापरायची आपली सवय, म्हणून गाडी घेतली की आपला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर कमोडच्या मागे गुपचूप एक जेट स्प्रे बसवतो. जर्मन मेकॅनिकला त्याचा पत्ताच नसतो. सगळे नळ उघडले, सगळं पाणी काढलं, आणि वसंतात बघावं तर संडासात तळं. यॉर्ग एकदा अख्खा दिवस शोधत बसला की हे पाणी येतंय कुठून. शेवटी मी हात घालून ती नळी बाहेर काढून दाखवली. हे काय आहे, त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने थोडा विचार केला, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तो म्हणाला की यापुढे भारतीय गाड्या तूच बघत जा. अशा रीतीने माझं या धंद्यात बस्तान बसलं.

माझी कामाची एक खास रीत आहे. वाल्व उघडला की मी लगेच पुढच्या कामाला जात नाही. उभी राहून ऐकते. आधी धार पडते, मग ती बारीक होते, मग टपटप, आणि सगळ्यात शेवटी टाकी एक मोठा हुंकार देते. तो हुंकार ऐकला की टाकी रिकामी. यॉर्ग म्हणतो, मीटर बघ. मी मीटरही बघते, पण माझा विश्वास कानावर. ज्या घरात पाण्याच्या पहिल्या सूं आवाजाला झोपेतून उठायचं असतं, तिथला कान आहे हा.

त्या कानावरचा विश्वास दोन हिवाळ्यांपूर्वी उडाला.

निखिल नावाचा मुलगा आहे, मूळचा जालन्याचा, इथे कारखान्यात इंजिनियर. त्याची बायको केतकी. दोघांनी हौसेने जुनी वोनमोबिल घेतली होती. दिवाळीच्या थोडं आधी निखिल ती विंटरफेस्ट करायला, म्हणजे थंडीसाठी पाणी काढून तयार करायला, घेऊन आला. त्याच दिवशी बातम्यांत रात्रीच्या थंडीचा इशारा दिला होता, त्यामुळे सगळ्या गावाच्या गाड्या आमच्या अंगणात उभ्या होत्या. मी एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. निखिल कानाला फोन लावून कुठल्याशा मीटिंगमध्ये होता. जाताना म्हणाला की दिवाळीला आई येतेय, तिला गाडी दाखवायची आहे. मी म्हटलं, दाखवा, फक्त पाणी भरू नका. तो म्हणाला, "गेनाऊ, काकू," म्हणजे अगदी बरोबर, आणि गेला. तो हिवाळा फार कडक गेला.

ईस्टरच्या आधी निखिलची गाडी ओढून आणली. फिरायला जायचं म्हणून सामान भरायला दार उघडलं तर आत चप्पल तरंगत होती. बॉयलरचं पोट फुगून फाटलं होतं. पंपाचं डोकं चिरलं होतं, नळांच्या माना तडकल्या होत्या, जमिनीची फळी पाणी पिऊन पिठासारखी झाली होती. निखिल चिडला होता, आणि का चिडू नये? "काकू, मी गाडी तुमच्याकडे दिली होती. यू सेड की पाणी काढलंय," एवढं म्हणून तो गप्प झाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

यॉर्गने आणि मी गाडी तपासली आणि तिथून माझ्या डोक्याचा गुंता सुरू झाला. टाकीत पाणी होतं, पुष्कळ होतं. सगळे नळ घट्ट बंद होते. म्हणजे मी काम केलंच नाही? पण दोन्ही वाल्वच्या दांड्या उघड्या होत्या, जशा मी ठेवते अगदी तशा. शॉवर खाली सोडलेला होता, तोही माझ्या पद्धतीने. आता वाल्व उघडा असताना टाकीत पाणी राहीलच कसं? आणि मी वाल्व उघडेन, शॉवर खाली सोडेन, मग नळ बंद कशाला करेन? अर्धं माझं काम आणि अर्धं कोणाचं हे कळेना. निखिलला विचारलं, मध्ये पाणी भरलं होतं का? तो म्हणाला, छे, आम्हाला माहीत नाही का? दोघं इंजिनियर, त्यांना माहीत नसेल असं म्हणायचं तरी कसं?

यॉर्गने त्याच्या परीने हिशेब लावला. गाडी उन्हाळ्यात मातीच्या रस्त्यांवर फिरली होती, खालच्या तोट्यांची तोंडं चिखलाने बंद झाली असणार. तू वाल्व उघडलास, पण पाणी पडलंच नाही, आणि गर्दीत तू ऐकायला थांबली नाहीस. नळ तू चुकून बंद केलेस. त्याने हे फार हळुवारपणे सांगितलं. "आल्झो, शैला," तो म्हणाला, "माणूस थकतो." मी म्हटलं, मी ऐकलं होतं, हुंकार ऐकला होता. त्याने विचारलं, या गाडीचा? त्या दिवशी मी कितीतरी हुंकार ऐकले होते. त्यांतला निखिलच्या गाडीचा कोणता?

इथे मला एक सांगायला हवं, नाहीतर माझी भीती तुम्हाला कळायची नाही. माझ्या आईला शेवटी शेवटी काही आठवत नसे. सुरुवात अशीच झाली होती. ती भरलेल्या हंड्यात परत पाणी ओतायची. पाणी सांडून सगळ्या स्वयंपाकघरभर व्हायचं आणि ती म्हणायची, मी कुठे भरलं, तो रिकामा होता. आम्ही पोरं हसायचो. मग हसणं बंद झालं. आता मला वाटायला लागलं की आईची पाळी माझ्यावर आली, फक्त उलट्या बाजूने. ती भरलेलं विसरायची, मी रिकामं करायचं विसरते आहे.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. आमटीत मीठ घातलं की नाही हे मी दोनदा चाखून बघायची आणि तरी विसरायची. घराचं दार लावून खाली आले की परत वर. एकदा तर मी किल्ली शोधत होते आणि ती माझ्या हातात होती. हे म्हणाले, अगं, किल्ली हातात असणं हे माझं रोजचंच आहे. मला हसू आलं नाही. मुलीला फोनवर सांगितलं तर तिने जर्मनमध्ये समजावलं की तू फक्त दमली आहेस. वर्कशॉपमध्ये यॉर्गने मला पाण्याच्या कामावरून काढून गाद्यांच्या खोळी बदलायला बसवलं, आणि पुढच्या थंडीत माझ्या प्रत्येक गाडीनंतर तो स्वतः तपासणार असं ठरलं. तो वाईट माणूस नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण खोळी शिवताना मी सारखी तो दिवस आठवत राहायचे. वाल्व, धार, टपटप, हुंकार. जितकं आठवावं तितकं ते पुसट होत गेलं. शेवटी तर मला तो हुंकार ऐकल्याचं ऐकू येत होतं की नुसतं ऐकावंसं वाटत होतं, तेही सांगता येईना.

मग एका दुपारी केतकी आली. गाडीची फळी उखडायची होती, त्याआधी कपाटांतलं सामान न्यायला. बिचारी माझ्याकडे बघायला संकोचत होती, मी तिच्याकडे. ती पिशव्या भरत होती आणि मी धरत होते. डबे, पातेली, चहाचं गाळणं. ओट्याच्या वरच्या कप्प्यातून तिने तांब्याचा एक तांब्या काढला, वर वाटी उपडी घातलेली. तिने तो ओट्यावर ठेवला तर तो उभा राहीना. डुगडुगला आणि आडवा झाला, आतलं पाणी सांडलं. मी उचलून बघितलं. त्याचा तळ बाहेर फुगून गोल झाला होता.

"हा आईंचा," केतकी म्हणाली. "दिवाळीत आल्या होत्या ना, तेव्हा रोज दुपारी इथेच बसायच्या. म्हणायच्या, तुमच्या घरात ऊन येत नाही, गाडीत येतं. जप करायच्या, पोथी वाचायच्या. हे त्यांचं प्यायचं पाणी."

मी विचारलं, तांब्या त्यांनी जातानाही भरून ठेवला?

"हो, त्यांचं असतं तसं," केतकी म्हणाली. "भांडं रिकामं ठेवू नये म्हणतात."

मी तो तांब्या हातात धरून उभीच राहिले. मग काय झालं मला ठाऊक नाही, पण मी खोळी, पिशव्या, केतकी, सगळं तिथेच टाकलं, बाहेर जाऊन पुठ्ठा अंथरला आणि गाडीखाली शिरले. या वयात गाडीखाली शिरणं म्हणजे काय ते माझ्या कंबरेला विचारा. आम्ही आतून इतकं तपासलं होतं, पण खालून कोणी नीट बघितलंच नव्हतं. चिखल गृहीत धरला होता. टॉर्च लावला. टाकीची तोटी चिखलाने बुजलेली नव्हती. तिच्यात एक बोळा होता.

आधी ब्रेडच्या पिशवीचं प्लास्टिक, त्यावर जुन्या सुती लुगड्याची पट्टी पीळ देऊन घट्ट गुंडाळलेली, तो बोळा तोटीत ठोकून बसवलेला आणि वरून सुतळीचे वेढे देऊन गाठ मारलेली. बॉयलरच्या तोटीतही तसाच दुसरा. हे मी ओळखलं नसतं तर कोणी ओळखलं असतं? आमच्या मनमाडच्या पिंपाची तोटी गळायची तेव्हा आई असाच बोळा बसवायची. प्लास्टिक आत, कापड बाहेर, म्हणजे कापड भिजून फुगतं आणि प्लास्टिकला दाबून धरतं. चांगला बसलेला बोळा वर्षानुवर्षं टिकतो. हा सगळा हिवाळा टिकला होता.

मी गाडीखाली पडल्या पडल्या रडले. आनंदाने रडले हे कबूल करायला लाज कसली? मी विसरले नव्हते. मी पाणी काढलं होतं, नळ उघडे ठेवले होते, हुंकार ऐकला होता. माझं डोकं शाबूत होतं. यॉर्गला हाक मारली. तो वाकून बघत राहिला, पुन्हा पुन्हा त्या गाठी चाचपून बघितल्या. मग विचारलं, हे कोणी मुद्दाम केलं का, शत्रुत्वाने? मी म्हटलं, नाही, प्रेमाने. त्याला ते पटेना. मग त्याने विचारलं, काही धार्मिक आहे का? आता काय सांगू? मला जर्मन चांगलं येतं, गॅसचे आणि विम्याचे शब्द येतात. पण गळणारं पाणी बघून बाईच्या पोटात कसं तुटतं, हे सांगायला मला शब्द सुचेनात. एवढंच म्हटलं की आमच्याकडे पाणी भरून घर सोडतात. तो गाडीखालून मान काढून सरळ उभा राहिला. मग म्हणाला की मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, आणि खोळींचं काम उद्यापासून बंद.

निखिलला बोलावून घेतलं. तो येईपर्यंत माझा आनंद ओसरून गेला आणि पुन्हा गोंधळ सुरू झाला. मी सुटले, पण त्यात एक म्हातारी बाई अडकली. तिने काय चूक केली? मनमाडात तिच्यासारखीला शहाणी म्हणाले असते. रिकामं घर दिसलं तर पाणी भरा, गळत असेल तर बुजवा, नळ उघडा दिसला तर बंद करा. हे मला जन्मापासून शिकवलेलं, आणि याच्या बरोबर उलटं करण्यात माझी सगळी हयात गेली. इतकी वर्षं आपल्या लोकांना मी नियम सांगत आले, नळ उघडे ठेवा, पाणी भरू नका. पण त्यांच्या घरी येणाऱ्या आयांना हे कोण सांगणार, असा विचार माझ्या, मनमाडच्या बाईच्या, मनात एकदाही आला नाही. याची रुखरुख मला आजही आहे.

निखिल आला. आम्ही बोळे काढून टेबलावर ठेवले होते, शेजारी फाटलेला बॉयलर. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने लुगड्याची पट्टी उलगडली, जांभळी होती, काठ पांढरा. ती त्याने ओळखली हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "सॉरी, काकू." मी म्हटलं, असू दे रे. तरी त्याला खात्री करायची होती, किंवा रागवायचं असेल, मला सांगता येत नाही. त्याने जालन्याला फोन लावला आणि हात मळलेले म्हणून स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"आई, तू गाडीखाली काही बोळे बसवले होतेस का?"

"मग! दिसले का तुला?" आईंचा आवाज एकदम खुशीत होता. "अरे, मी निघायच्या आदल्या दिवशी बघते तर सगळे नळ सताड उघडे आणि टाकीत टिपूस नाही. म्हटलं, पोरं कामात असतात, कोणाचं लक्ष नाही. झारीने भरत गेले तर खालून सगळं वाहून चाललेलं. दोन ठिकाणी गळत होतं बघ. मग बुजवलं. तू ते पंपाचं बटण दाखवलं होतंस ना, ते दाबलं, नळाला पाणी आलं, एकेक नळ बंद केला आणि बटण बंद करून आले."

"तू गाडीखाली शिरलीस? गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं तुझं."

"म्हणूनच सांगितलं नाही तुला. ओरडला असतास. वेळ लागला थोडा, उठताना चाकाला धरलं. पण पाण्याविना घर टाकून यायचं कसं, तूच सांग. तुम्ही दमून याल, सणासुदीला कुठे निघाल, आणि नळ सोडला तर कोरडा."

यॉर्ग दारात उभा होता. त्याला एक शब्द कळत नव्हता, तरी तो हलला नाही. निखिलने एकदा बॉयलरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता तो सगळं सांगेल, आणि वाटलं, सांगू नकोस. दोन्ही एकदमच वाटलं.

"मग काय रे," आईंनी विचारलं, "पुरलं का पाणी?"

निखिलने जांभळी पट्टी मुठीत धरली.

"पुरलं, आई," तो म्हणाला. "उरलंसुद्धा."